गाळाच्या ढिगातला दगड

मी एक दगड बोलतोय. डोक्यात काही शिरेनासं झालं की माणसं एकमेकांना दगड म्हणतात, हे मी पुष्कळदा ऐकलंय. माझी गोष्ट मात्र उलटी आहे. माझ्यात शिरायला वाटच वाट आहे.

फार पूर्वी एक डोंगर तोंडातून आग आणि राख ओकत होता. ती राख खाली खारट पाण्याच्या तळ्यात पडली, थरावर थर साचले, आणि गरम पाणी त्यातून किती तरी काळ झिरपत राहिलं. राखेचा दगड झाला, पण पाणी जिथं जिथं होतं तिथं तिथं बारीक पोकळ्या राहून गेल्या. बारीक म्हणजे अशा, की त्यांच्यापुढे सुईचं टोक डोंगराएवढं. विद्वान लोक मला झिओलाइट म्हणतात. खाणीतले लोक ‘पोकळ्या’ म्हणायचे. रंग फिकट हिरवट, वजनाला हलका, दिसायला काहीच नाही. दुकानात मांडला तर कुणी ढुंकून बघणार नाही.

खाणीतून मी दळणाच्या यंत्रात गेलो. माझ्या भावंडांची कुणाची खडी झाली, कुणाची भुकटी. मी पट्ट्यावरून उडून बाजूला पडलो, लिंबाएवढा, अख्खा. कुणीतरी उचलून मला नमुन्याच्या पुडक्यात घातलं आणि मी प्रवासाला लागलो.

पुडकं उघडलं ते एका टेबलावर. समोर एक बाई होत्या. पन्नाशीच्या, केस आखूड, अंगावर पांढरा कोट आणि कोटाचे दोन्ही खिसे ओझ्यानं खाली लोंबलेले. त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि सरळ जिभेला लावलं. मी जिभेला चिकटलो.

‘‘चिकटतोय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चांगला आहे.’’

दारात एक आडव्या बांध्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता. तो म्हणाला, ‘‘बाई, इथली कुठलीही वस्तू तोंडात घालायची नाही अशी पाटी तुम्हीच लावलीय भिंतीवर.’’

‘‘हा अजून इथला झालेला नाही, मुकादम. आत्ताच आलाय.’’

‘‘मग ठीक आहे. पाहुण्याला चाटलं तर चालतं.’’

अशी माझी दोघांशी ओळख झाली. ती जागा होती सांडपाणी स्वच्छ करायच्या केंद्राची. अख्ख्या शहराच्या घरांमधून जे वाहून येतं ते तिथं येतं. पाणी निवळून नदीला जातं आणि मागे गाळ उरतो. काळा, ओलसर, चिकट. माणसं साखळी ओढतात, मागे वळूनही बघत नाहीत, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपतो. इथं तो सुरू होतो. हा गाळ लाकडाच्या भुशात कालवायचा, पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये त्याचे ढीग घालायचे आणि त्याचं खत होऊ द्यायचं, हे बाईंचं काम. त्या रसायनं शिकलेल्या. ढीग घालणं, उलटणं, माणसं हाकणं हे मुकादमांचं.

खत होणं ही काही शांत गोष्ट नाही. ढिगात अब्जावधी जंतू जेवायला बसतात. त्यांच्या जेवणाची ऊब इतकी वाढते की ढिगातून वाफा निघतात, हात घातला तर पोळतो. आणि त्या वाफांबरोबर अमोनिया निघतो. नाकात मिरची कोंबल्यासारखा. ढीग उलटायच्या दिवशी मुकादमांच्या डोळ्यांना धार लागायची. ते म्हणायचे, ‘‘माझ्या बायकोच्या माहेरच्यांना वाटतं, जावई फार हळवा आहे.’’

बाईंच्या डोळ्यांतूनही पाणी यायचं. पण त्यांना वास येत नव्हता. कुठलाच नाही. कॉलेजात असताना एक मोठा ताप आला, तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. या केंद्रात नोकरी लागली तेव्हा त्यांचा भाऊ म्हणाला होता, ‘‘देवानं तुला या नोकरीसाठीच घडवलंय.’’ सगळे हसले होते. त्याही हसल्या होत्या. पण घरी दूध करपून काळं व्हायचं आणि शेजारीण धावत येईपर्यंत यांना पत्ता नसायचा. मुलगी झाली तेव्हा तिच्या टाळूचा वास कसा येतो, हे त्यांनी आपल्या आईला विचारून घेतलं होतं. हे त्यांनी मुकादमांना एकदा चहा पिता पिता सांगितलं, आणि मुकादमांनी चहा तसाच खाली ठेवला. त्या दिवसापासून मुकादम न विचारता सांगायचे. ‘‘बाई, आज दुसऱ्या ढिगाचा वास आंबूस आहे.’’ ‘‘बाई, आज वारा पलीकडे चाललाय.’’

पलीकडे म्हणजे कुंपणाच्या भिंतीपलीकडे घरांची रांग होती. तिथूनच एक दिवस ती आली.

ती शिंपीण होती. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे शिवायची. बारीक अंगाची, पण पायऱ्या अशा चढून आली की जिना हलला. हातात गाठोडं होतं. ते तिनं बाईंच्या टेबलावर आपटलं, तेव्हा मी कागदांवर बसलेला होतो, घरंगळलो.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘वास घ्या. परत आलेले कपडे आहेत. शिलाईत खोट नाही. शिवून चार दिवस घरात टांगले, एवढाच गुन्हा. घ्या ना वास.’’

मग मुकादम हळूच म्हणाले, ‘‘ताई, बाईंना वास येत नाही.’’

‘‘येत नाही? म्हणजे आम्हाला येतो तो काय स्वप्नात?’’

‘‘तसं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला कसलाच वास येत नाही. फुलाचाही नाही. पण तुम्ही म्हणता म्हणजे येत असणारच. बसा. कधी जास्त येतो, सकाळी की उन्हं चढल्यावर, तेवढं मला सांगा. माझं नाक चालत नाही, तुमचं चालतं.’’

भांडायला कंबर कसून आलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की त्याची मोठी पंचाईत होते. शिंपीण उभीच राहिली, मग बसली. गाठोडं मांडीवर घेऊन तिनं सांगितलं. खिडक्या बंद असतात. उकाड्यातही बंद. आत वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना धाप लागते. वारा इकडचा तिकडे वळला की ते उशीत तोंड खुपसतात.

‘‘मी तक्रार केलीय,’’ शेवटी ती म्हणाली. ‘‘सगळ्या गल्लीच्या सह्या आहेत. तुम्ही वाईट नाही आहात, पण ही शेड बंद झाली पाहिजे.’’

‘‘तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं,’’ बाई म्हणाल्या.

तक्रार लागू पडलीही. केंद्राच्या मोठ्या साहेबांनी बाईंना बोलावलं. बाईंचा हात कोटाच्या खिशात होता आणि तिथं मी होतो. विचार करताना मला अंगठ्यानं घासायची त्यांना सवय लागली होती, म्हणून सगळं मला ऐकू आलं. साहेब भले गृहस्थ होते, पण कटकटीला फार भ्यायचे. ते म्हणाले, शेड बंद करू. गाळ ट्रकमध्ये भरू आणि गावाबाहेरच्या सखल जागेत टाकू, विटा भाजणाऱ्यांच्या वस्तीपलीकडे.

‘‘तिकडे कुणी तक्रार करणार नाही,’’ साहेब म्हणाले.

‘‘करणार नाहीत, का कुठं करायची ते त्यांना ठाऊक नाही?’’

साहेबांची खुर्ची करकरली.

‘‘साहेब, उघड्यावर टाकलेला गाळ गप्प बसतो असं नाही. तो तिथं सडतो. इथं निघतात त्याहून जास्त वायू तिथं निघतील, आणि त्यांना ना छप्पर असेल ना राखण. आपण आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात ठेवून येणार. मला थोडा वेळ द्या. ढिगात काही खनिजं मिसळली तर वायू आतच धरून ठेवता येतात. ठिकठिकाणी करून बघितलंय लोकांनी.’’

‘‘आणि नाही जमलं तर?’’

‘‘तर ट्रक मी स्वतः भरून देईन.’’

साहेबांनी पुढच्या मोठ्या बैठकीपर्यंत मुदत दिली.

आता वाटेल की माझा पराक्रम सुरू झाला. नाही झाला. माझ्या भावंडांची पोती यायला उशीर होता आणि बाईंना घाई होती. जवळच एक मऊ, चिकण माती मिळत होती. तीही वायू धरते. बाईंनी तिची भुकटी मागवली, ढिगात सढळ हातानं घातली. मुकादमांनी विचारलं, ‘‘जास्त होत नाही ना?’’ बाई म्हणाल्या, ‘‘जास्त घातली तर जास्त धरेल.’’ शहाणी माणसं चुकतात ती अशीच, घाईच्या वेळी आणि सोप्या हिशोबानं.

चिकण माती ओली झाली आणि ढीग आतून लिंपला गेला. हवा जायला फट उरली नाही. जंतूंना हवा मिळाली नाही तर ते मरत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे येतात. बिनहवेचे, सडवणारे. वरून सगळं शांत होतं. अमोनिया खरोखर कमी झाला होता. बाईंचा चेहरा उजळला होता. मग ढीग उलटायचा दिवस आला, मुकादमांच्या माणसांनी पहिलं फावडं घातलं आणि आतून कुजक्या अंड्यांचा असा भपका उठला की माणसं फावडी टाकून पळाली. वारा पलीकडे होता.

दुपारी कळलं, शिंपिणीच्या वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं.

बाईंनी त्या दिवशी स्वतः फावडं घेतलं. ढीग सोडवून, कोरडा भुसा घालून, सगळं मोकळं करूनच घरी गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुकादमांकडे रोज एकच चौकशी केली, म्हातारे घरी आले का. आले असं कळलं तेव्हा त्या उठल्या. मुकादम म्हणाले, ‘‘बाई, आत्ता जाऊ नका. ती तुमच्या अंगावर कात्री टाकेल.’’

‘‘टाकू दे.’’

मी खिशातच होतो.

शिंपिणीची खोली अरुंद होती. एका बाजूला मशीन, भिंतीला टांगलेले कपडे, त्यांच्यावर प्लास्टिकची आवरणं. खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. आतल्या खाटेवर म्हातारे उशांना टेकून बसले होते. शिंपिणीनं दार उघडलं, बाईंना पाहिलं आणि दार धरूनच उभी राहिली.

‘‘चूक माझी होती,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वाऱ्याची नाही, माणसांची नाही. मी माती जास्त घातली. ते सांगायला आले.’’

शिंपीण काही बोलण्याआधी आतून आवाज आला, घोगरा पण खणखणीत. ‘‘कोण आहे? दारात गर्दी करू नका, आत या, आत जागा आहे.’’

म्हातारे जन्मभर बसचे कंडक्टर होते. नोकरी सुटली, पण बोली सुटली नाही. बाई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. दम लागत होता म्हणून थांबत थांबत विचारलं, ‘‘आता? गाडी डेपोत लावणार?’’

‘‘एकदा अजून बघायचं आहे. दुसरं खनिज घेऊन.’’ बाईंनी मला खिशातून काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. ‘‘हा दगड आहे. आतून सगळा पोकळ्यांचा. अमोनिया त्या पोकळ्यांत जाऊन बसतो.’’

म्हाताऱ्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं. त्यांची पकड पक्की होती. तिकिटं फाडून घडलेला अंगठा.

‘‘म्हणजे याच्यात सीटाच सीटा आहेत.’’

‘‘हो. तसंच.’’

‘‘आणि मागच्या खेपेला तुम्ही काय केलं? उतारूंना सीट दिली, पण दारं, खिडक्या बंद केल्या. जीव गुदमरला सगळ्यांचा.’’

बाई हसल्या. त्या खोलीत त्या हसतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ‘‘अगदी बरोबर. म्हणून आता भुकटी नाही घालायची. खडी घालायची. खड्यांच्या मधून हवा खेळेल.’’

‘‘भरली की मग? एकदा सीटा संपल्या की संपल्या.’’

‘‘खत मातीत गेलं की झाडाची मुळं हळूहळू काढून घेतात. त्यांना तेच हवं असतं.’’

‘‘म्हणजे उतारू आपल्या स्टॉपला उतरतात,’’ म्हातारे म्हणाले आणि त्यांना खोकला आला. शिंपिणीनं पाठीवर हात फिरवला, पाणी दिलं. मग बाईंकडे न बघता म्हणाली, ‘‘चहा ठेवते. साखर चालते ना?’’

बाईंना कळलं, कात्री टळली.

निघताना बाईंनी तिला एक विनंती केली. रोज सकाळी कुंपणापाशी यायचं आणि वास सांगायचा. खरा सांगायचा, भीड धरायची नाही. ‘‘माझ्या माणसांची नाकं आता मेलीत. त्यांना बरंच काही चालतं. तुमचं चालवून घेत नाही.’’

शिंपीण म्हणाली, ‘‘भीड मी नवऱ्याचीही धरली नाही कधी.’’

पोती आली. मुकादमांनी भुशात, गाळात खडी कालवून घेतली, बाई बाजूला उभ्या राहून मुठीत घेऊन बघत होत्या, दाबत होत्या, मोकळं राहतंय ना याची खात्री करत होत्या. ढीग पुरा होत आला तेव्हा त्यांनी मलाही खिशातून काढलं. क्षणभर अंगठा फिरवला. ‘‘जा तू पण,’’ म्हणाल्या आणि मला टाकलं.

आतलं जग कसं सांगू? आधी गार अंधार. मग ऊब, मग आच. चहूकडे खाण्यापिण्याची गडबड. माझ्या जन्माच्या वेळची आठवण व्हावी इतकी उष्णता. मग अमोनिया यायला लागला. तो एकटा येत नाही, ओल्या भिजल्या अंगानं, धक्काबुक्की करत येतो. मी त्याला आत घेत गेलो. माझी भावंडंही घेत होती. आमच्यामधल्या फटींतून वारा येत होता, जंतू सुखानं जेवत होते. इतकी वर्षं मला वाटायचं की मी रिकामा आहे म्हणजे कमी आहे. त्या ढिगात कळलं, माझं रिकामेपणच कामाचं होतं.

बाहेर काय चाललंय ते ढीग उलटताना कळायचं. फावडी यायची, उजेड यायचा, मुकादमांचा आवाज यायचा, ‘‘अरे, डोळ्याला पदर नको का लावायला आज कुणाला?’’ कुणालाच लागत नव्हता. आणि कुंपणावरून शिंपिणीचा आवाज. पहिल्यांदा ‘आहे, पण बोचत नाही.’ मग ‘ओल्या लाकडासारखा.’ मग एकदा बराच वेळ काहीच नाही. बाईंनी हाक मारून विचारलं, ‘‘काय झालं, ताई? कसा आहे?’’

‘‘शोधतेय,’’ ती म्हणाली.

बैठकीच्या आधी मोठे साहेब शेडमध्ये आले. बरोबर शिंपीण आणि गल्लीतली चार माणसं. ढीग नुकताच उलटला होता आणि मी अगदी कडेला उघड्यावर आलो होतो. साहेबांनी भीत भीत श्वास घेतला, मग मोठा घेतला. गल्लीतल्या माणसांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, तक्रार मागे घेऊ. साहेबांच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलाचं हसू आलं. ते म्हणाले, ‘‘बाई, जिंकलात. मिटलं सगळं.’’

बाई म्हणाल्या, ‘‘अजून नाही मिटलं.’’

मुकादमांनी कपाळावर हात मारला. त्यांना माहीत होतं आता काय येणार. बाई रोज ढिगावर एक पिंप उलटं ठेवायच्या, त्याला नळी लावून आतला वायू यंत्रात सोडायच्या आणि आकडे बघायच्या. मुकादम त्याला ‘ढिगाला टोपी घालणं’ म्हणायचे.

‘‘अमोनिया पुष्कळ उतरलाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘वास गेला तो त्यामुळे. पण ढिगाच्या तळाशी हवा पोचत नाहीये. तिथून मिथेन निघतोय. पूर्वीपेक्षा कमी, पण निघतोय. त्याला वास नाही.’’

‘‘वास नाही ना?’’ साहेब म्हणाले. ‘‘मग कुणाला कळणार?’’

‘‘मला कळलंय.’’

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘‘अहो, लोक खूश आहेत. बैठकीत हे बोललात तर पुन्हा शंका निघतील. शेड वाचवायची आहे ना तुम्हाला?’’

शिंपीण पुढे झाली. ‘‘थांबा. बाई, तो वायू आमच्या घरात येऊन त्रास देणारा आहे का? बाबांना?’’

‘‘नाही, ताई. तो वर जातो. हवेत राहतो आणि सगळ्या जगाची ऊब वाढवतो. तुमच्या वाट्याला जेवढा, तेवढाच विटा भाजणाऱ्यांच्या, तेवढाच कुठल्या तरी लांबच्या माणसाच्या. कुणाला खोकला येणार नाही. कुणी तक्रार करायला येणार नाही.’’

‘‘मग तुम्ही कशाला सांगताय?’’

बाईंनी पिंपाची नळी सरळ केली. मग म्हणाल्या, ‘‘मला इथं कधीच काही वास आला नाही, ताई. तुम्ही गाठोडं आपटलं तेव्हाही नाही. मला येत नाही म्हणून तो नव्हताच, असं मी तेव्हा म्हणाले असते तर?’’

शिंपिणीनं पदराला हात पुसले. साहेबांकडे वळली आणि म्हणाली, ‘‘साहेब, अंगरखा वरून कसाही छान दिसला तरी आतली शिलाई उसवलेली असेल तर मी गिऱ्हाइकाला देत नाही. आत कोण बघतं म्हणतात सगळे. मी बघते. यांना वेळ द्या. तक्रार आम्ही मागे घेत नाही आणि पुढेही रेटत नाही. बाईंचं पुरं होईपर्यंत तिला खुंटीला टांगून ठेवतो.’’

साहेबांनी विषय त्यापुढच्या बैठकीवर ढकलून वेळ दिला. मनातून नव्हता द्यायचा, पण नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

मग जे झालं ते चमत्कार नव्हता, कष्ट होते. ढिगांची उंची उतरवली. खाली जाड लाकडाच्या ढलप्यांचा थर घातला, म्हणजे तळातून हवा चढेल. खडीचं प्रमाण बदललं, उलटण्याचे दिवस बदलले. एका ढिगाला कमी पडली, दुसऱ्याला जास्त झाली, तिसरा पावसाच्या ओलीनं बिघडला. मुकादमांची माणसं कुरकुरली. मुकादम म्हणाले, ‘‘बाईंचं डोकं दगडाचं आहे, आणि तो दगड कसला ते तुम्ही पाहिलंय. मुकाट फावडी घ्या.’’ मी एका ढिगातून चाळणीवर यायचो, मोठा म्हणून वर राहायचो, आणि पुन्हा पुढच्या ढिगात जायचो. किती ढीग पाहिले, मोजले नाहीत.

एका सकाळी बाई टोपी घातलेल्या पिंपापाशी उकिडव्या बसल्या होत्या. यंत्राकडे बघत होत्या. पुन्हा बघितलं. मुकादमांना हाक मारली नाही, नुसतं हातानं बोलावलं. मुकादम आले, वाकले.

‘‘उतरला?’’

‘‘उतरला. शून्य नाही. शून्य कधीच होणार नाही. पण उतरला, आणि तीन ढीग झाले, उतरलेलाच आहे.’’

मुकादम त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, सहसा बसत नसत. दोघं तशीच बसून राहिली, वाफेकडे बघत.

बैठकीत बाईंनी सगळं सांगितलं. काय जमलं ते, काय जमलं नाही तेही, मातीची चूकसुद्धा. शेड राहिली. आता दुसऱ्या शहरांतली माणसं ती बघायला येतात आणि साहेब स्वतः त्यांना फिरवतात. ‘आम्ही पहिल्यापासून ठरवलंच होतं,’ असं म्हणतात. मुकादम मागे उभे राहून मिशा चोळतात.

शिंपिणीची खिडकी उघडली. म्हातारे त्यानंतर पुष्कळ काळ त्या खिडकीत बसले. रस्त्यावरच्या ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हाका मारायचे. धाप गेली नव्हती, ती वयाची होती. पण उशीत तोंड खुपसणं थांबलं. गेले तेही त्याच खिडकीपाशी, सकाळच्या वाऱ्यात. बाई आणि मुकादम दोघंही त्यांना पोचवायला गेले होते. असं मुकादमांनीच ढिगापाशी कुणाला तरी सांगितलं.

तयार झालेलं खत चाळायचा दिवस मला आठवतो. चाळणीखाली काळंभोर, मोकळं, भुसभुशीत खत पडत होतं. शिंपीण आली होती, तिला कुंड्यांसाठी हवं होतं. बाईंनी ओंजळभर खत उचलून नाकाशी नेलं. सगळेच नेतात, म्हणून त्याही नेतात. मग त्यांनी ओंजळ शिंपिणीपुढे धरली.

‘‘कसा येतो?’’

शिंपिणीनं डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. ती नीट माप घेऊन बोलणारी बाई.

‘‘नवं सुती कापड असतं ना,’’ ती म्हणाली, ‘‘ठाण पहिल्यांदा उलगडतो तेव्हा. अजून पाणी लागलेलं नसतं. तसा. त्यात थोडी सावली मिसळलेली.’’

बाई ओंजळीकडे बघत राहिल्या. ‘‘माझ्या आईनं मला शाळेचा झगा शिवला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तो वास मला येत होता.’’

‘‘तोच,’’ शिंपीण म्हणाली.

त्या खेपेला मुकादमांनी मला चाळणीवरून उचललं, पण ढिगात टाकलं नाही. ‘‘हा भरला आता,’’ म्हणाले, ‘‘याला सुट्टी द्या.’’ आणि मला खताच्या गाडीत टाकलं. बाईंनी पाहिलं आणि मान हलवली. त्या पुढे दुसऱ्या एका शहरात गेल्या, असंच एक केंद्र आहे तिथं, आणि तिथले लोकही चिडलेले आहेत म्हणे.

मी आता एका रोपवाटिकेत आहे, रस्त्याकडेला लावायच्या झाडांच्या वाफ्यात. डोक्यावर वीतभर माती. इथं शांत आहे. परवा एक मूळ मला येऊन लागलं. पांढरं, केसासारखं, भित्रं. आधी माझ्या कडेनं गेलं, मग परत वळलं आणि टेकून राहिलं. मी धरून ठेवलेलं त्याला थोडं थोडं देतोय. घाई नाही.

माझं मागणं एकच आहे. ज्या कामावरून जाताना तुम्ही नाक मुरडता, तिथं कुणीतरी मन लावून उभं असतं. कधी आत जा. विचारा, काय चाललंय. वाद घालायचा असेल तर तोही घाला, पण बसून घाला.

वर कुणीतरी झारीनं पाणी घालतंय. माती भिजतेय, मुळाची पकड घट्ट होतेय. आता मी त्याच्याकडे बघतो. तुम्ही या.